आखाजीला तांब्याच्या लेकी

आबा माझ्याशी पहिला शब्द बोलले तो "अठ्ठावीस".

वैशाखातली दुपार होती. दोंडाईच्याहून निघालेल्या एसटीने मला फाट्यावर उतरवलं आणि धूळ उडवत ती पुढे गेली. तिथून मी पत्र्याची पेटी या हातातून त्या हातात करत जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पायी आले. दारात एक उंच, काटक माणूस उभा. डोक्यावर ओला पंचा, नजर माझ्या चेहऱ्यावर नाही तर खांद्यावर, आणि एक बोट वर केलेलं, थांब म्हणून. मी आधीच तापलेली. नेमणुकीचा कागद पुढे धरला तर त्याकडे बघायलाही तयार नाही. चांगलं एक मिनिट गेल्यावर बोट खाली आलं.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "माठ आत शे. आधी पानी पे, माय. कागद मंग दखू."

मी पाणी प्यायले, पण मनात म्हटलं, संपलं. वेड्याच्या हाताखाली आलो आपण.

मी चाळीसगावची. वडील रेल्वेत खलाशी होते. आमच्या बौद्ध वस्तीतली सरकारी नोकरीत लागलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे सगळ्या वस्तीने मला गाडीत बसवून दिलेलं. पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक होते. या दवाखान्याची रजिस्टरं दोन वर्षं मागे पडली म्हणून मला दोन महिन्यांसाठी तिथे धाडलं होतं. दोन महिन्यांची सात वर्षं झाली. गाई मला तेव्हाही आवडत नव्हत्या, खरं सांगायचं तर आजही आवडत नाहीत. शेणाचा वास आला की माझं डोकं उठतं. पण आबांची गोष्ट निघाली की मी गाईंबद्दल तासभर बोलते, आणि माझी मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडी.

आबा डॉक्टर नव्हते. पशुधन पर्यवेक्षक होते, म्हणजे सायकलवरून गावोगाव फिरायचं, जनावरांना लस टोचायची, गाई फळवायच्या, कागद रंगवायचे. लोक तोंडावर डॉक्टर म्हणत आणि पाठीमागे धापवाले आबा. कारण त्यांचा धंदाच तो. उन्हाळ्यात बरोबर दुपारी दोन वाजता, ज्या वेळी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, तेव्हा आबा तेलाचा रिकामा डबा पालथा घालून कुणाच्या तरी गाईशेजारी उन्हात बसलेले असायचे. एक हात घड्याळावर, डोळे गाईच्या कुशीवर. कूस एकदा आत जाऊन बाहेर आली की एक. मिनिटभर मोजायचं, थोडं थांबायचं, पुन्हा मोजायचं, असं तीन वेळा. मग गाय सावलीत बांधायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं. सगळं लाल कापडी बांधणीच्या वहीत.

मोजताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलणाऱ्याला एक बोट वर करून दाखवत. एकदा पंचायत समितीचे सभापती जीपमधून उतरून कडाडले, तर त्यांनाही बोट. सभापतींनी भर उन्हात, हात बांधून, पूर्ण मिनिटभर वाट पाहिली. आबांनी आकडा लिहिला, डब्यावरून उठले आणि म्हणाले, "बोला साहेब. तुमची बी चाळीसला गेली शे, आधी सावलीत या."

माणसांचीही ते मोजायचे. सवयच ती, सुटणार कशी? मिटिंगमध्ये भाषण करणाऱ्याची मोजायचे, कंडक्टरची मोजायचे. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा नोकरी पक्की आहे, पक्की आहे म्हणत होता आणि आबा त्याच्या सदऱ्याकडे बघत बसलेले. पाहुणे गेल्यावर बायकोला म्हणाले, नोकरीचं नाव निघालं की पोराची धाप चढते, तिथे काहीतरी पोकळ आहे. बायको त्यांच्यावर खूप चिडली. पंधरा दिवसांनी कळलं, मुलगा कारखान्यात रोजंदारीवर होता. तेव्हापासून त्या घरात आबांना कुणी वेडं म्हणत नसे. आम्ही दवाखान्यातले मात्र म्हणत होतो.

खुद्द आबांची धाप सोळा. मी कंटाळून कितीदा तरी मोजली होती. चढावरून सायकल हाणत आले तरी पाणी पिईपर्यंत सोळा. साहेबांची बोलणी खाताना सोळा. माणूस आहे की भिंतीवरचं घड्याळ, असं मला वाटायचं.

हे सगळं कशासाठी, ते मला कळायला एक उन्हाळा जावा लागला.

त्या काळी सगळीकडे विलायती रक्ताच्या गाईंची हवा होती. कर्जावर, अनुदानावर, ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या गाई गावात येत होत्या. हिवाळ्यात एकेक गाय बादलीवर बादली दूध द्यायची, फोटो निघायचे, हार पडायचे. आणि चैत्र लागला की त्याच गाई जीभ बाहेर काढून, तोंडाला फेस आणून, लोहाराच्या भात्यासारख्या धापा टाकायच्या. चारा सोडायच्या. दूध बसायचं. भुसावळच्या उन्हाचा आकडा रोज पेपरात यायचा, तो आबा कात्रीने कापून वहीत डकवायचे आणि शेजारी गावातल्या दूध सोसायटीत त्या दिवशी किती दूध आलं ते लिहायचे. एक चढत जायचा आणि दुसरा उतरत जायचा. ज्याच्या घरी एकच गाय, दोन एकर कोरडवाहू आणि पंखा तर सोडाच, वीजच नाही, त्याने त्या गाईचं करायचं काय?

पण आबांनी त्या गाईंचा कधी राग केला नाही. उलट ते त्यांच्यासाठी रात्रंदिवस पळत. ओली पोती टाका, लिंबाखाली बांधा, दुपारी चारा नको, पहाटे द्या. एकदा दवाखान्यातला एकुलता एक टेबलफॅन उचलून एका बाईच्या गोठ्यात नेऊन लावला, आणि मी आठ दिवस पुठ्ठ्याने वारा घेत रजिस्टरं लिहिली. मी तणतणले, तर म्हणाले, "तिची काय चूक, माय? थंड गावची पोर आणि दिली धुळ्याले. तू खुर्चीवर बसेल शे, ती उभी शे."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हिवाळ्यात सकाळी दूध कुणीही देईल. वैशाखात दुपारी दोन वाजता जी शांत उभी राहते आणि संध्याकाळी तेवढंच दूध देते, ती आपल्या लोकांची गाय. आणि धाप किती चढली यापेक्षा सावलीत आल्यावर किती लवकर उतरली, ते बघायचं. हे त्यांनी वरिष्ठांना कितीदा लिहून पाठवलं होतं. पत्रं मीच टाइप केली. उत्तर एकालाही आलं नाही.

आता तांब्याचं सांगते.

गावात एक पिंजारी होते, कापूस पिंजून गाद्या भरणारे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. घरात नातवंडांना दूध हवं म्हणून त्यांनी गुजरातेकडून आलेल्या गुराख्यांकडून एक लाल गीर गाय घेतली होती. तिला जर्सीच्या रक्ताचा एक गोऱ्हा झाला. घासलेल्या तांब्यासारखा रंग, म्हणून तांब्या. ठेंगणा, रुंद, कपाळ पुढे आलेलं, आणि स्वभावाने इतका गरीब की नातवंडं त्याच्या पाठीवर बसून पाढे म्हणायची. चाचांच्या दुकानापुढच्या लिंबाला तो बांधलेला असे.

मी आले त्याच महिन्यात वरून हुकूम आला. गावठी, मिश्र जातीचे सगळे वळू खच्ची करायचे, म्हणजे गाई फक्त सरकारी विलायती वाणालाच फळतील. यादी आली, आबांनी खच्ची करायचा चिमटा पिशवीत घालून यादीप्रमाणे काम उरकलं. शेवटचं नाव तांब्याचं. मी रजिस्टर घेऊन सोबत होते. दुपारचे दोन वाजलेले. चाचांनी तांब्याला आवळून धरलं आणि तोंड फिरवलं. आबा चिमटा घेऊन वाकले, आणि सवयीने त्यांची नजर कुशीकडे गेली. बोट वर झालं. आम्ही सगळे थांबलो. त्यांनी तीन वेळा मोजलं. भर उन्हात तांब्याची कूस संथ हलत होती. मग चिमटा पिशवीत परत टाकला.

"लिही, माय," ते मला म्हणाले. "खच्चीकरण केले."

मी नवी होते. लिहिलं. माझ्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, आणि त्याखाली आबांनी सही केली. त्यांची ती एकच खोटी नोंद. चाचा आत गेले आणि डोळे पुसत सरबत घेऊन आले.

कागदावर बैल झालेला तांब्या त्यानंतर सहा वर्षं त्या लिंबाखाली राहिला आणि आजूबाजूच्या चौदा गावांतल्या गाई त्याच्याकडे येत राहिल्या. पावसाळ्यात रस्ते चिखलाने बंद झाले की आबांची सायकल आणि गाई फळवायच्या विलायती बीजाच्या कांड्या पोचतच नसत. तांब्या मात्र जागेवर हजर. त्याच्या लेकी झाल्या, वाढल्या, व्याल्या. प्रत्येकीचं नाव, गाव आणि वैशाखातली धाप लाल वहीत. लेक म्हणूनच लिहायचे ते. पाचवी लेक, नववी लेक.

आणि मग धुळ्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. घाटाकडचे होते, थंड हवेतले. माणूस सज्जन, अभ्यासू, खोटं सांगणार नाही. त्यांनी तालुक्याचे दुधाचे कागद बघितले आणि त्यांना एक चमत्कार दिसला. उन्हाळ्यात सगळीकडे दूध निम्म्यावर येतं, आणि आमच्या दवाखान्याच्या गावांत मात्र फारसं घटत नाही. त्यांना वाटलं, विलायती वाणाचं यश ते हेच. शाबासकी द्यायला जीप घेऊन आले. बिचारे पेढे घेऊन आले होते.

गाव दाखवताना वाटेत चाचांचं दुकान लागलं. तांब्या लिंबाखाली उभा, आणि तो बैल नाही हे कळायला पशुवैद्य असण्याची गरज नव्हती. साहेबांनी विचारलं, हा कोण? दवाखान्यात येऊन रजिस्टर काढलं. माझं वळणदार अक्षर. खच्चीकरण केले.

नोकरी गेली तर चाळीसगावच्या वस्तीत तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात. तरी मी म्हणाले, "अक्षर माझं आहे, साहेब."

"अक्षर तिचं, खोटं माझं," आबा म्हणाले. "सही बघा. आणि उन्हाळ्यात ज्यांचं दूध टिकतं त्या गाई विलायती वाणाच्या नाहीत. याच्या लेकी आहेत."

साहेब पांढरे पडले. चिडले कमी, दुखावले जास्त. दहा मिनिटं ते आबांना काय काय बोलले आणि त्यातलं बरंचसं बरोबर होतं. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना खोट्या नोंदीबद्दल चौकशी लागणार, आणि तांब्याला पंधरा दिवसांच्या आत, साहेबांच्या समोर, आबांनी स्वतःच्या हाताने खच्ची करायचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हे काम आखाजीच्या दिवशी दुपारी दोन वाजता ठेवता येईल का? साहेब म्हणाले, त्या दिवशी तर सुट्टी असते.

"आखाजीले अंडेरी माहेरले येतस, साहेब," आबा म्हणाले. एरवी साहेबांशी ते पुस्तकी बोलत, त्या दिवशी त्यांची घरची भाषा तोंडी आली. "यास्ना बाप आठे शे. एक डाव सगळ्यास्ले तुमी तुमना डोयाखाल दखी ल्या. मंग चिमटा मीच लावसू."

साहेबांना अर्धंही कळलं नाही. मी समजावून सांगितलं. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दोन दिवस कुणाचं ऐकत नाहीत. आबांना तांब्याच्या लेकी त्या दिवशी इथे बोलवायच्या आहेत. साहेबांनी स्वतः धाप मोजावी, त्याच दिवशी दूध मोजावं. कमी भरलं तर तांब्या जाईल. साहेब रजिस्टर मिटत म्हणाले, मोजणार मी, घड्याळ माझं. आबा म्हणाले, मंजूर.

त्या रात्रीपासून मी सत्तावीस पोस्टकार्डं लिहिली. मजकूर आबांचा. "आपल्या घरी दिलेली तांब्याची लेक आखाजीला माहेरी पाठवावी. सोबत वासरू आणि सोसायटीचं दुधाचं कार्ड आणावं." पोस्टमन हसून हसून पडला. जिथे कार्ड पोचण्याची खात्री नव्हती तिथे आबा स्वतः सायकलवर गेले, मुऱ्हाळी होऊन. लेकीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तसे दारात जाऊन सांगायचे, पाठवा. लोक चेष्टा करायचे, पण पाठवतो म्हणायचे. मी मात्र चिडलेलेच होते. एका वळूपायी म्हाताऱ्याची पेन्शन धोक्यात, आणि हे आमंत्रणं करत फिरतायत.

आखाजीच्या दिवशी पहाटे उठून मी चाचांच्या दारात गेले, कुणी येतंय का बघायला. नऊपर्यंत कुणीच नाही. चाचा तांब्याला तिसऱ्यांदा धूत होते. मग ओढ्याच्या बाजूने पहिली दिसली. लाल, कपाळ पुढे आलेलं, नाकीडोळी बापावर गेलेली, मागे उड्या मारणारं वासरू आणि डोक्याला पागोटं बांधलेला मालक. मग दोन. मग पाच एकदम. कुणी दोन कोस चालून आलेली, कुणी चार. दुपारपर्यंत एकोणीस लेकी आल्या. गाव गोळा झालं. चाचीने दारात पाटीभर भाकरीचे तुकडे आणि गूळ घेऊन प्रत्येकीला स्वतःच्या हाताने भरवला, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांनी पायावर पाणी घालून कुंकू लावलं. तांब्या लिंबाखालून बघत होता. एवढ्या लेकी एका वेळी कुठल्या बापाने पाहिल्या असतील?

साहेब दीडला आले. डोळ्यांवर काळा चष्मा, मानेला ओला रुमाल. त्यांनी गावातली सगळ्यात चांगली विलायती गाय शेजारी आणायला सांगितली, म्हणजे तुलना होईल. तिला उन्हात बांधायला गडी निघाला, तर आबांनी अडवलं.

"तिले उन्हात नका उभी करू, साहेब. ती सावलीतच राहू द्या. सावलीतली मोजा आणि यास्नी उन्हातली मोजा."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस आपला वळू वाचवायला उभा आहे आणि समोरच्या गाईला सावली देतोय.

मग साहेब तेलाच्या डब्यावर बसले. बरोबर दोन वाजता. सावलीतल्या विलायती गाईची मोजायला घेतली आणि मध्येच त्यांची मोजणी चुकली, इतकी जलद कूस हलत होती. पुन्हा मोजली. शंभराच्या वर. मग उन्हात उभ्या लेकींकडे वळले. पहिलीची मोजली, घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. पुन्हा मोजली. निम्म्याहून कमी. दुसरी, तिसरी, सातवी. कुणी रवंथ करत होती, एक तर चक्क साहेबांचा रुमाल चाटत होती. कुणीतरी साहेबांवर छत्री धरायला पुढे आलं, तर साहेबांनी न बघता एक बोट वर केलं. गावाला हसू आवरेना. मीही हसले.

एकोणीसच्या एकोणीस मोजून साहेब उठले तेव्हा त्यांचा शर्ट पिळता आला असता. म्हणाले, धाप मान्य. आता दूध.

आणि इथे घोटाळा झाला. काय तो, आमचा खास खानदेशी घोटाळा! आबांनी सहा वर्षं प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली होती, पण एक गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती, आणि माझ्याही नाही. आखाजीला लेकी माहेरी जातात. म्हणजे त्या घराघरांतल्या सुनाही आपापल्या माहेरी गेल्या होत्या. आणि गाई पिळायच्या त्या सुनाच. गावात उरलेल्या चाचीसारख्या म्हाताऱ्यांना गुडघे मोडून बसवत नव्हतं. गाई घेऊन आलेले सगळे पुरुष. त्यांनी जन्मात कधी आपल्या गाईच्या सडाला हात लावला नव्हता.

पहिला बसला, गाईने लाथेने भांडं उडवलं. दुसऱ्याच्या गाईने पान्हाच सोडला नाही, वासरू लावून बघितलं तरी सगळं वर चढवून उभी. एका हुशार माणसाने चाचीकडून लुगडं मागून डोक्यावरून घेतलं, गाय हुंगून मागे सरली आणि सगळी गल्ली लोळली. पण आबा हसले नाहीत. साहेबांच्या हातातलं माप रिकामं होतं. चार वाजून गेले. चिमटा दवाखान्याच्या पिशवीत, पिशवी चाचांच्या ओट्यावर. दूध निघालं नाही तर नुसत्या धापेवर तांब्या वाचणार नव्हता, तसं ठरलंच होतं.

मी आबांकडे बघितलं. ते लिंबाला टेकून उभे होते, सावलीत, चेहरा नेहमीसारखा. माझी नजर आपोआप त्यांच्या सदऱ्यावर गेली. मी मनगटावर घड्याळ सरळ केलं आणि मोजलं. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. मला एकदम रडूच आलं. सहा वर्षं ज्या माणसाला मी घड्याळ समजत होते तो भ्यायला होता, आणि आम्हा कुणाला कळू देत नव्हता.

मग मी जे केलं ते रागानेच केलं. मारुतीच्या पारामागे चिंचेला झोके बांधलेले होते आणि गावच्या माहेरवाशिणी तिथे उंच झोके घेत गाणी म्हणत होत्या. मी धावत गेले आणि ओरडले, "अगं, तुम्ही माहेरी आलात तशा त्याही आल्यात. त्यांना पिळायला कुणी बाई नाही. उतरा खाली."

वर्षातून दोन दिवस त्यांना गाय नाही, शेण नाही, चूल नाही, आणि मी त्यांना गाई पिळायला बोलवत होते. मग शिरपूरकडे दिलेली एक धिप्पाड बाई झोक्यावरून उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाला वं बायासहोन. आपल्याच जातन्या शेतस त्या."

पंचवीस-तीस बायका गाणं न थांबवता चाचांच्या दारात आल्या. बांगड्या वाजवत, हळद लागलेल्या पायांनी. ओळखीची गाय कुणाचीच नव्हती, पण त्या गाईंजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, गाणं चालूच. वासरं जवळ आणली. आणि भांड्यात पहिली धार वाजली. मग दुसरीकडे, मग चारी बाजूंनी. आबा लिंबाखालून उन्हात आले आणि मी पुन्हा घड्याळ सरळ केलं. ओळख-पाळख नसलेल्या लेकींनी एकमेकींना पान्हा फोडला, असं म्हटलं तर माझी मुलं हसतील, पण मी ते डोळ्यांनी बघितलं आहे.

साहेबांनी प्रत्येकीचं दूध स्वतः मापलं आणि मालकाच्या कार्डाशी ताडून पाहिलं. हिवाळ्यातलं आणि आजचं. चार कोस चालून, उन्हात उभं राहून, अनोळखी हातांनी पिळूनही पावशेर-अर्ध्या शेराच्या वर फरक नाही. दोन गाईंचं तर जास्त निघालं, त्या गुळाने असेल. साहेबांनी शेवटचं माप खाली ठेवलं, चष्मा काढला आणि चाचांना विचारलं, "याला खायला काय घालता?"

चाचांना वाटलं तांब्या वाचला की नाही ते सांगतील. त्यांनी नुसतं कडब्याकडे बोट केलं. मग साहेबांनी ओट्यावरची पिशवी उचलली, चिमटा काढला आणि जीपच्या मागच्या सीटखाली टाकला. त्यावर जो गलका झाला तो दोंडाईच्याच्या स्टेशनापर्यंत गेला असेल. कुणी तांब्याच्या गळ्यात हार घातला, कुणी आबांना उचललं. आबा म्हणत होते, खाली ठेवा, खाली ठेवा. दूध सगळं गावात वाटलं. त्या रात्री एकाही माहेरवाशिणीच्या पुरणपोळीबरोबर दूध कमी पडलं नाही.

दवाखान्यात येऊन साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि मला म्हणाले, ती जुनी नोंद खोडा, मी सही करतो. चौकशी वगैरे काही नाही. आबांनी मान हलवली. खोडायचं नाही म्हणाले. केलं ते केलं. खाली लिहायचं. मग मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, की वरील नोंद खोटी असून ती नोंदवणाऱ्याने स्वतः कबूल केली आहे, वळू जिवंत असून त्याच्या एकोणीस लेकी आज साहेबांनी तपासल्या. साहेबांनी सही केली. पुढच्या वर्षी आबा निवृत्त झाले, पेन्शनीला धक्का लागला नाही, आणि तांब्याच्या एका नातवाला धुळ्याच्या सरकारी केंद्रात घेऊन गेले. पोचवायला आबा टेम्पोत त्याच्याशेजारी उभे राहून गेले होते.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी साहेबांची जीप गेली, लेकी आपापल्या सासरी निघाल्या, आणि आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसलो. आबांनी लाल वही माझ्या मांडीवर टाकली. म्हणाले, आकडे चढव, तुझ्या अक्षरात. मी एकोणीस ओळी लिहिल्या. मग ते न बघता म्हणाले, "तू मन्ही धाप मोजी राह्यनी व्हती."

"मी कशाला मोजू?"

"माय, या दवाखानाले एक खोटं भरपूर झालं. किती व्हती?"

"बत्तीस," मी म्हणाले.

त्यांनी वहीच्या पानावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "लिही."

ती वही आज माझ्याकडे आहे. आखाजीच्या पानावर, एकोणीस लेकींच्या खाली, माझ्या त्याच वळणदार अक्षरात विसावी ओळ आहे. आबा. चार वाजून वीस मिनिटं, सावलीत, बत्तीस. दूध निघाल्यावर, उन्हात, सोळा.